रसद पोहोचवणारे

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेला पंधरवडा एक वाद रंगला आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला हवाई दलाचे सेवेतून काढलेले एखादे विमान मागून घेऊन बसवावे, अशी सूचना कुणीतरी केली. विमान मिळण्याचा अजून पत्ता नाही, परंतु ते कोणते असावे याचा निकाल कोल्हापुरातल्या चार वर्गमित्रांनी देऊन टाकला. लढाऊ विमान मिळत असेल तरच खटपट करावी, मालवाहू नको, "तो आकाशातला ट्रक, त्यात पराक्रम कसला?" असे एकाने लिहिले आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. हे वाक्य मी जर्मनीत, मी राहतो त्या वुन्स्टॉर्फहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत वाचले आणि हानोवर येईपर्यंत ते मनातून गेले नाही.

पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेल्या माणसांनी तरी असे लिहू नये. 1660 साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा गडावर तलवारींची वाण नव्हती. वाटा बंद झाल्या होत्या आणि चिंता दाण्यागोट्याची होती, हे आपण चौथीच्या इतिहासात शिकलो. वेढ्यात सापडलेल्यांना रसद पोहोचवणे हा लढाईचाच भाग असतो, आणि ती आकाशातून पोहोचवणाऱ्यांचा इतिहास आपल्या हवाई दलात स्वातंत्र्याइतकाच जुना आहे.

बारा क्रमांकाची स्क्वॉड्रन डिसेंबर 1945 मध्ये कोहाटला उभी राहिली, ती स्पिटफायर या लढाऊ विमानांवर. पुढच्याच वर्षी तिला डाकोटा हे मालवाहू विमान मिळाले आणि ती आपली पहिली वाहतूक स्क्वॉड्रन झाली. लढाऊकडून मालवाहूकडे जाणे ही माझ्या मित्रांच्या हिशेबाने पायउतारच. पण वर्षभरात, 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे, लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांच्या पहिल्या शीख पलटणीला घेऊन दिल्लीहून श्रीनगरकडे निघाली ती याच स्क्वॉड्रनची विमाने. श्रीनगरचा विमानतळ अजून आपल्या हाती आहे की गेला, हे उडताना वैमानिकांना निश्चित ठाऊक नव्हते. ज्या विमानावर एकही बंदूक नाही, ते तशा धावपट्टीवर उतरवणाऱ्याच्या छातीला मोजण्याचे माप आमच्या गटाकडे नसावे.

त्यानंतर पूंछ. शहराला वेढा पडलेला, आत निर्वासित कोंडलेले, आणि निर्वासितांनीच सैनिकांसोबत राबून आखूड धावपट्टी तयार केलेली. तिच्यावर एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा उतरवले, आणि पुढे जवळजवळ वर्षभर, नोव्हेंबर 1948 मध्ये वेढा उठेपर्यंत, धान्य, दारूगोळा आणि तोफासुद्धा याच वाटेने गेल्या. याच मेहर सिंगांनी 24 मे 1948 रोजी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, डाकोटा नेले. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय त्या विमानात नव्हती आणि वाटेतली शिखरे विमानाच्या झेपेपेक्षा उंच होती.

आता मी राहतो त्या गावाचे. लेहच्या त्या दिवसानंतर बरोबर एका महिन्याने, 24 जून 1948 ला, सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, आणि काही दिवसांतच ब्रिटिशांची डाकोटा विमाने आमच्या या वुन्स्टॉर्फच्या तळावरून बर्लिनकडे उडू लागली. विमान तेच, वर्षही तेच, वेढा पडलेले शहरही तसेच. बर्लिनला पंधरा महिन्यांत 23 लाख टन माल गेला आणि त्यातला मोठा भाग निव्वळ कोळसा होता. तो कोळसा वाहिला म्हणून इथे त्या वैमानिकांना कुणी हमाल ठरवत नाही. बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयाने आपल्या इमारतीवर, सगळ्या शहराला दिसेल असे, याच जातीचे विमान टांगून ठेवले आहे. मुलांना त्याचे लाडके नाव ठाऊक असते. पूंछच्या धावपट्टीचे नाव कोल्हापुरातल्या किती मुलांना ठाऊक आहे?

मित्र लगेच म्हणतील की परदेशात बसून उपदेश सोपा. म्हणून हेही लिहितो की इथल्या लोकांनी ज्यांना मान दिला ते वैमानिक ब्रिटिश आणि अमेरिकी होते, आणि स्वतःच्या सैनिकांबद्दल हे लोक चारचौघांत फारसे बोलत नाहीत. आपल्याकडेही डाकोटा विसरले गेले असे नाही. ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक 2018 मध्ये हवाई दलाच्या ताब्यात आले, त्याचे नाव 'परशुराम' आहे आणि त्याच्यावर श्रीनगरला गेलेल्या विमानाचा व्हीपी 905 हा क्रमांक रंगवला आहे. माझे भांडण हवाई दलाशी नाही, माझ्या गावाशी आहे. मराठा पलटणीचा उल्लेख झाला की आपला ऊर भरून येतो. 11 डिसेंबर 1971 रोजी, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला आकाशातून उतरलेली 2 पॅरा ही छत्रीधारी पलटण मूळची 3 मराठा. आपल्याच भागातल्या पोरांनी त्या दुपारी ज्यांच्या दारातून उड्या घेतल्या ती डाकोटा, पॅकेट, एएन-12 विमाने हे तुमचे आकाशातले ट्रक.

माझे चुलते, तात्या, त्या डिसेंबरात बंगालमधल्या कलाईकुंडाच्या हवाई तळावर होते. ते पॅकेट विमानांवर फिटर होते. यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नव्हते. सुटीवर आले की ते मला मार्केट यार्डात न्यायचे आणि हमाल ट्रकमध्ये गुळाचे रवे रचत असताना बाजूला उभे राहून पाहायचे. दोर आवळून झाला की पुढे होऊन दोन बोटांनी तो छेडायचे, आणि दोर ढिला वाजला तर पुन्हा बांधायला लावायचे. हमाल कुरकुरत. "पोरा, ट्रकमध्ये वजन सरकलं तर गूळ सांडतो. वर सरकलं तर सगळं संपतं," असे ते एकदा म्हणाले होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला घरी जाऊन क्रिकेट खेळायचे होते.

इथे आमच्या शेजारचे आजोबा तळावर तंत्रज्ञ होते आणि त्यांनी हयात ट्रान्साल या मालवाहू विमानांवर काढली. त्यांच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे गावाकडेच्या छोट्या बागेत, एका शनिवारी कॉफी घेताना ते मला हवाई पुलाबद्दल, म्हणजे बर्लिनला विमानांनी पोहोचवलेल्या त्या रसदीबद्दल, सांगत होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुमच्या देशात असे कधी झाले का?" मी "नाही" म्हणालो. सहज, विचार न करता. पूंछ मला ठाऊक नव्हते आणि तात्या मला आठवले नाहीत. वर जे लिहिले ते मी त्या संध्याकाळनंतर एकेक करून वाचले, आणि तोवर तात्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. गटावरच्या त्या वाक्याने मला इतके का डिवचले, हे मला आता कळते. तो मित्र जे लिहून बसला, तेच मी परक्या माणसासमोर बोलून बसलो होतो.

काल काकूंना फोन करून विचारले की तात्यांची काळी ट्रंक अजून आहे का. चिखलीच्या घरात 2019 च्या महापुरात छतापर्यंत पाणी होते. काकू रबरी होडीतून बाहेर आल्या, ट्रंक आतच राहिली. आतल्या वह्या आणि फोटो यांचा लगदा झाला होता, तो त्यांनी चिखलाबरोबर टाकून दिला. "ट्रंक आहे की. तांदूळ ठेवते मी त्यात," काकू म्हणाल्या. झाकणावर पांढऱ्या रंगात काही लिहिलेले दिसते का, असे मी विचारले. त्या फोन हातात घेऊनच आतल्या खोलीत गेल्या, वरची पोती बाजूला सारल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी चष्मा नसल्यामुळे थांबत थांबत तात्यांचा सर्व्हिस नंबर मला वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे पुसले गेले आहेत.