कॉइलच्या दोन तारा कशाही जोडून चालत नाहीत

एमजीबी, ट्रायम्फ अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो. तो आहे इग्निशन कॉइलबद्दल, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी लागणारं मोठं व्होल्टेज बनवणाऱ्या भागाबद्दल: ‘इग्निशन कॉइलला उलटसुलट काही नसतं. तारा कशाही जोडा, गाडी चालू होते. फारच शंका आली तर प्लस स्विचला लावा. आणि कॉइल कुठलीही चालते, बारा व्होल्टची गाडी ना, मग बारा व्होल्टची घ्या.’

गाडी चालू होते, हे खरंच आहे. म्हणून तर ही चूक वर्षानुवर्षं सापडत नाही. तारांची अदलाबदल झाली की ठिणगीची दिशा उलटते. प्लगचा मधला इलेक्ट्रोड जास्त तापतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो मायनस हवा. उलट जोडणीत त्याच फटीसाठी कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. प्लग नवे असताना काही कळत नाही. ते झिजले की चढावर मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू, आणि शिव्या कार्ब्युरेटरला.

‘प्लस स्विचला’ हे तर सरसकट सांगायचंच नाही. १९६२ साली आलेली एमजीबी १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला. तिथे किल्लीच्या स्विचकडून येणारी पांढरी तार कॉइलच्या मायनसला आणि डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणाऱ्या भागाची) पांढरी-काळी तार प्लसला. निगेटिव्ह अर्थ असेल तर नेमकं उलट. लुकास कंपनीच्या जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ लिहिलेलं असतं: स्विच आणि कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट तोडणारे आपले पॉइंट. ही अक्षरं पॉझिटिव्ह अर्थ धरून छापलेली. मधल्या कुणा मालकाने गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल, तर अक्षरांकडे दुर्लक्ष करून दोन तारांची अदलाबदल करा.

खात्री हवी? प्लगची केबल काढून तिचं टोक प्लगपासून जरा लांब धरा. इंजिन चालू असताना मधल्या फटीत पेन्सिलचं शिसं न्या, पण पेन्सिल इन्सुलेटेड पकडीतच धरा, हातात नको. ठिणगीचा पिसारा शिशापासून प्लगच्या बाजूला फुलला तर जोडणी बरोबर. केबलच्या बाजूला फुलला तर उलटी.

राहिली ‘कुठलीही कॉइल’. नंतरच्या, रबरी बंपरच्या एमजीबीत स्विच आणि कॉइल यांच्यामध्ये रेझिस्टन्सची तार आहे, म्हणून तिथे साधारण दीड ओहमची कॉइल लागते (ओहम म्हणजे रेझिस्टन्स मोजायचं एकक). स्टार्टर फिरताना तिला वेगळ्या तारेने थेट बॅटरीचा करंट मिळतो. तिथे तीन ओहमची साधी कॉइल लावली तर ठिणगी मंद. दीड ओहमची, रेझिस्टन्सची तार नसलेल्या त्याआधीच्या गाडीत लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. विकत घेण्याआधी दुकानातच दोन्ही टर्मिनलना मल्टिमीटर लावून ओहम बघा.