त्याला राजवाडा म्हणू नका, निदान माझ्या बाबांसमोर तरी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सगळे झोपलेत आणि मला झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मोठी पोस्ट होणार आहे, आधीच सांगते.

आज बाबांना आणि लेकीला घेऊन रत्नागिरी दाखवायला निघाले होते. दाखवायला म्हणजे लेकीला, बाबांचं अख्खं तरुणपण इथंच गेलंय. सकाळी टिळक आळीत टिळकांचं जन्मस्थान पाहिलं आणि मग रिक्षा करून थिबा पॅलेस, म्हणजे ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवलं ते घर. तिथं आमच्या मागून एक कुटुंब चाललं होतं. त्यातले गृहस्थ बायकोपोरांना मोठ्यानं समजावून सांगत होते की बघा, ब्रिटिशांनी कैद्यालासुद्धा कसला बंगला बांधून दिला, असा सी व्ह्यू आपल्याला आयुष्यभर हप्ते भरूनही मिळायचा नाही, अशी कैद मला द्या, मी आनंदानं जातो. सगळे हसले. मुलंही हसली. आणि माझे बाबा तिथल्या लाकडी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून उभे होते, त्यांनी तो हात काढून घेतला. एवढंच झालं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, तेच आता इथं बोलतेय.

बाबा या इमारतीत शिकलेत. खरंच. तेव्हा पॉलिटेक्निक राजवाड्यात भरायचं, आणि एकोणीस वर्षांचे बाबा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि गुंडाळलेली शीटं काखेत मारून रोज हा चढ चढायचे. शाईनं रेघ ओढताना हाताला घाम आला की शीट फुकट जायची, म्हणून मनगटाखाली टिपकागद ठेवायचे, हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय. जांभ्याच्या भिंती, अर्धगोल कमानीच्या कोरीव लाकडी खिडक्या, उतरती छपरं, आणि खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. बाबा म्हणायचे की सबमिशनच्या दिवसांत त्या खाडीकडं बघायलासुद्धा वेळ नसायचा.

आणि जो वेळ असायचा त्यातली एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, माझं लग्न झाल्यावर. तीच आज दिवसभर डोक्यात आहे.

एकदा सबमिशन संपवून हे चार मित्र बाजारात चहा प्यायला गेले. समोरून एक वयस्क बाई चालली होती, नऊवारी, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. एका मित्रानं कोपर मारून सांगितलं, ती बघ, राजाची नात. आणि दुसऱ्यानं उठून तिला वाकून मुजरा केला, आणि हे चौघंही हसले. बाईंनी मान वळवून पाहिलं आणि निघून गेल्या. ती खरंच थिबाची नात टुटू होती की दुसरीच कुणी, हे बाबांना आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण आपण हसलो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज मंडालेत शिरली तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता. त्याला आणि राणी सुपयालतला त्यांच्याच राजधानीतून साध्या बैलगाडीत बसवून नदीवर नेलं, बोटीत घातलं, काही महिने मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून सोडलं. रत्नागिरीच का, तर इथं रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. माणूस ठेवला की राहिला. आम्हाला आमचं गाव निसर्गरम्य वाटतं ना, त्यांना ते दूर वाटलं म्हणून निवडलं होतं. आणि हा जो बंगला बांधून दिला म्हणून कौतुक चाललंय, त्यात तो राहायला आला १९१० च्या नोव्हेंबरात. आधीची चोवीस वर्षं दुसऱ्याच बंगल्यांत काढली होती. १९१६ च्या डिसेंबरात तो गेला. सहा वर्षं. सी व्ह्यू सहा वर्षं मिळाला!

पेन्शन होती, नोकरचाकर होते, मान्य. तो फार चांगला राजा होता असंही मी म्हणत नाही, गादीवर आल्यावर घरच्याच माणसांची कत्तल झाली त्याच्या राज्यात, तेही मान्य. पण त्यासाठी इंग्रजांनी त्याला आणलं नव्हतं. त्यांना ब्रह्मदेश हवा होता. सागवान हवं होतं, माणकं हवी होती.

आणि मेल्यावरसुद्धा सोडलं नाही हो. राणीला त्याचं शव मायदेशी न्यायचं होतं, परवानगी मिळाली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ते तसंच इथं ठेवलेलं होतं, शेवटी १९१९ साली रत्नागिरीतच पुरलं. शिवाजीनगरला आहे ते थडगं. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले. परक्या देशाचा राष्ट्राध्यक्ष वाट वाकडी करून येतो आणि आपल्यातली किती माणसं तिथं गेलीत? मी स्वतः पहिल्यांदा गेले ती तिशीत.

आता सकाळचं सांगते, कारण खरा राग मला तिथून आलाय.

टिळकांचं जन्मस्थान नीट डागडुजी करून ठेवलंय, बघून बरं वाटतं. कौलारू घर, गार जमीन, जपून ठेवलेलं. २३ जुलै १८५६ ला इथं टिळक जन्मले, दहा वर्षांचे होईपर्यंत या गावात होते. लेकीनं चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं, तिला वाटलं काढाव्यात. बाबांनी तिला मंडाले सांगितलं. २२ जुलै १९०८, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सहा वर्षांची शिक्षा, लाकडी फळ्यांची बराक, मंडालेचा उकाडा, मधुमेह, आणि १९१२ साली इकडं बायको गेली ते तिकडं तुरुंगात कळलं. बाबा हे सांगताना आवाज लावून सांगतात, लेकीचे डोळे भरले. भरायलाच हवेत. आपल्या सगळ्यांचे भरतात.

मग मला सांगा, मंडालेचा तुरुंग कुठं होता? थिबाच्या राजवाड्याचा जो तटबंदीचा परिसर, इंग्रजांनी ज्याचा किल्ला करून टाकला, त्याच्याच आत. म्हणजे आमच्या रत्नागिरीत जन्मलेला माणूस थिबाच्या घराच्या आवारात कैद आणि थिबा आमच्या रत्नागिरीत कैद. एकाच वेळी! १९१० च्या ज्या नोव्हेंबरात तो राजा सामान घेऊन या टेकडीवरच्या नव्या घरात शिरला, त्याच नोव्हेंबरात तिकडं टिळक पेन्सिलीनं गीतारहस्य लिहायला बसले होते. हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, आजही आला, राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं राहून लेकीला सांगताना आला.

त्या टोकाच्या कैदेला आपण चपला काढतो आणि या टोकाच्या कैदेत आपण फोटोला पोज देतो. का? तो परका म्हणून? तो लढला नाही म्हणून? बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन कैदेत ठेवलं, तो तिथंच मेला, म्हणून आपण हळहळतो, ते इंग्रजांनी वाईट केलं म्हणतो. मग उलटा प्रवास केलेल्या माणसाच्या वाट्याला सी व्ह्यूचे विनोद का?

फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. मीही काढले. इमारत सुंदर आहे, संध्याकाळच्या उन्हात जांभा असा तापलेल्या तव्यासारखा लाल दिसतो की नजर हटत नाही. पण त्याला राजवाडा राजवाडा म्हणून आपण स्वतःला फसवतोय. जिथून स्वतःच्या मर्जीनं गाव सोडता येत नाही, मुलींची लग्नं जमवायलाही सरकारला विचारावं लागतं, त्या घराला तुमच्या घरी काय म्हणतात?

मुलींवरून आठवलं. चार मुली होत्या राजाला. धाकटी तर इथंच जन्मली. इथं ना समाज ना आपलं माणूस, वयात आलेल्या मुली. थोरलीचा जीव जडला दारावरच्या गोपाळ सावंतांवर, आणि त्यांची मुलगी ती टुटू. १९१९ ला राणी मुलींना घेऊन परत गेली, थोरलीसुद्धा गेली, पण ती पुढं टुटूला घेऊन परत रत्नागिरीतच आली. आणि १९४७ साली इथंच गरिबीत गेली. राजाची थोरली मुलगी. टुटूचं लग्न इथं झालं, ती पवारांची सून झाली, बाईसू म्हणून लोक ओळखायचे, मराठीच बोलायची, गोवऱ्या थापून विकायची, कागदी फुलं करून विकायची. २००० साली गेली. म्हणजे मी तेव्हा कॉलेजात होते! इतिहास म्हणून शिकवतात तो काळ नव्हे हा, आपल्याच बाजारातून चालत गेलेली बाई आहे ही.

तिला दया नको होती कुणाची, असं वाटतं मला. बाकीच्या बाया विकायच्या तशा तीही गोवऱ्या विकायची, गाव तिचं होतं, भाषा तिची होती. म्हणून तो मुजरा मला जास्त लागतो. गोवऱ्या विकणाऱ्या बाईला कुणी मुजरा केला नसता. राजाच्या नातीला गोवऱ्या विकताना कुणी हसलं नसतं. ती दोन्ही होती, म्हणून चार पोरं हसली.

आणि त्यातलं एक पोर माझे बाबा. मी त्यांच्यावर रागावूही शकत नाही, कारण पन्नास-पंचावन्न वर्षं ते स्वतःच स्वतःवर रागावलेत. आज त्या गृहस्थांचं बोलणं ऐकल्यावर मला वाटलं होतं बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. रिक्षात म्हणाले, "अगं, त्याला कुणी सांगितलंच नसेल. आम्हाला तरी कुठं कुणी सांगितलं होतं? आम्ही त्या हॉलमध्ये तीन वर्षं शीटं काढली, हा हॉल कुणाचा होता हे एका मास्तरानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही."

मला हे पटलं नाही तेव्हा. आता लिहिता लिहिता थोडं पटतंय. तो माणूस वाईट नव्हता, मुलांना पाणी पाजत होता, लेकीला पायरीवरून उतरताना हात दिला त्यानं. फक्त त्याला माहिती नव्हतं आणि माहिती करून घ्यावी असं वाटलं नव्हतं. पण तरी... मुलांसमोर बोलताना जरा तरी विचार करा हो.

येताना बाबांनी रिक्षा शिवाजीनगरकडं घ्यायला सांगितली. गुडघे दुखत होते, तरी उतरले. थडग्यापाशी ते आणि लेक उभे राहिले, मी मागे. लेकीनं चपला काढल्या. बाबांनी पण काढल्या, वाकून, हातानं पट्टा सोडवून, वेळ लागला त्यांना.

आता एक काम आहे. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आजोबा तेव्हा राजवाड्यातल्या पॉलिटेक्निकला असतील, आणि ड्रॉइंग हॉलचा एखादा जुना फोटो घरात असेल तर मला पाठवा. बाबांकडं एकही नाही. आणि चिपळूण, राजापूर, देवरूख कडची मंडळी, घरी विचारा जरा. बाबांना तो हॉल लेकीला दाखवायचाय, कुठल्या खिडकीखाली त्यांचा बोर्ड होता ते आज त्यांना नक्की सांगता येईना.