एफडी मोडून पतपेढीत टाकण्याआधी

मंदीच्या, नोकरकपातीच्या बातम्या सुरू झाल्या की नौपाड्यापासून नेरुळपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: बँका बुडणार हे ठाऊक असल्याने सरकारने बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच पैसे देण्याचा नवा नियम आणला, वरचा पैसा गेलाच समजा, ते 5 लाखही वर्षानुवर्षं मिळत नाहीत, म्हणून एफडी मोडा, चार शाखांत वाटा, नाहीतर ओळखीच्या पतपेढीत टाका. 2019 साली पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत ज्यांचे पैसे अडकले, त्यांचा राग रास्तच आहे. पण हा सल्ला त्यांना आणखी खड्ड्यात घालणारा आहे.

नियम नवा नाही. बँक बुडाल्यास ठेवीदाराला भरपाई देणारा ठेव विमा 1962 पासून आहे, तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती. 1993 मध्ये ती 1 लाख झाली आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख. म्हणजे मर्यादा वाढली आहे. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. आणि 5 लाख ही विम्याची हमी आहे. वरच्या रकमेवरचा हक्क संपत नाही, ती बँकेच्या वसुलीतून किंवा विलीनीकरणातून येते. कधी येते, हा वेगळा प्रश्न. पीएमसी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवींची परतफेड 10 वर्षांपर्यंत लांबवली गेली. इथे मजकुरातली भीती निराधार नाही.

‘5 लाखही मिळत नाहीत’ हे 2021 पूर्वी बरंचसं खरं होतं, कारण विम्याचे पैसे बँकेचा परवाना रद्द झाल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावरच मिळत. सप्टेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध लावले की लगेच घड्याळ सुरू होतं: बँकेने 45 दिवसांत यादी द्यायची, ठेव विमा देणाऱ्या महामंडळाने (डीआयसीजीसी) 30 दिवसांत तपासायची, पुढच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. विलीनीकरणाच्या हालचाली असतील तर आणखी 90 दिवस लागू शकतात. पैसे अडकतात ते बहुधा केवायसी जुनी असल्याने किंवा ठेवीदाराने संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील न दिल्याने. ठेवीदाराने त्याच बँकेचं कर्ज थकवलं असेल तर ते आधी वळतं होतं. 5 लाखांच्या मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरलं जातं, म्हणून 5 लाखांची एफडी केली की तिच्यावरचं व्याज विम्याबाहेर राहतं. मुदत जितकी लांब, तितकं मुद्दल कमी ठेवावं, म्हणजे व्याज धरूनही बेरीज 5 लाखांत राहील.

‘चार शाखांत वाटा’ हा सल्ला तर साफ चुकीचा. वाशी, ऐरोली, घोडबंदर, कुठल्याही शाखेत ठेवा, बँक एक असेल तर एका नावाच्या सगळ्या ठेवी मिळून 5 लाख. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर त्याचं चालू खातंही त्यातच मोजतात. विमा खरोखर वाढतो तो बँक बदलली की, किंवा हक्क बदलला की. नवऱ्याचं एकट्याचं खातं, ‘नवरा-बायको’ असं संयुक्त खातं आणि ‘बायको-नवरा’ असं उलट क्रमाचं संयुक्त खातं, ही तीन स्वतंत्र धरली जातात, प्रत्येकाला 5 लाख.

पतपेढीबद्दल एवढंच: तिथे हा विमा नाही. संचालक शेजारी राहतात, दर दीड-दोन टक्के जास्त आहे, म्हणून पैसा सुरक्षित होत नाही. सोनाराकडची मासिक योजना, भिशी, आठवड्याला परतावा देणारी दुकानं, यांनाही हा विमा नाही. जानेवारी 2025 मध्ये असाच परतावा कबूल करणाऱ्या टोरेस या दागिन्यांच्या कंपनीने दादर, सानपाडा, कल्याणची दुकानं बंद केली, तेव्हा ग्राहकांना पोलीस ठाणंच गाठावं लागलं. एफडी अवेळी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड भरून अशा ठिकाणी जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. बँकेला विमा आहे की नाही, ते महामंडळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत दिसतं.

मजकूर पाठवणाऱ्या सेक्रेटरींनी खरं तर आपलीच पासबुकं काढायला हवीत. गृहनिर्माण संस्था हा एकच ठेवीदार असतो. शंभर फ्लॅटचा सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला निधी) आणि दुरुस्ती निधी मिळून 60 लाख एकाच सहकारी बँकेत असतील, तरी विमा फ्लॅटमागे नव्हे, सगळा मिळून 5 लाखच. संस्थेचा पैसा कुठे गुंतवता येतो हे सांगणाऱ्या सहकार कायद्याच्या कलम 70 ची चौकट सांभाळून तो दोन-तीन बँकांत विभागण्याचा ठराव समितीने करावा आणि एफडींच्या मुदती एकाच महिन्यात येणार नाहीत हेही पाहावं.