‘ट्रेडमिल सोडून रस्त्यावर पळू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

महिनाभरापासून एक मेसेज आमच्या परभणीतल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. कॉलनीचा ग्रुप, शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सगळीकडे तोच. मथळा आहे, ‘जिममध्ये ट्रेडमिलवर पळता? मग रस्त्यावर पळण्याची चूक करू नका.’ खाली पाच मुद्दे. डांबरी रस्त्यानं गुडघ्याची वाटी झिजते. ट्रेडमिलचा पट्टाच पाय मागे नेतो, त्यामुळे तिथला सराव बाहेर शून्य. मराठवाड्याची हवा पळण्याची नाही, उष्माघात ठरलेला. रस्त्यावर धूळ, कुत्री आणि वाहनं. चाळिशीनंतर बाहेरचं पळणं हृदयाला झेपत नाही. शेवटी सल्ला असा की आधी सहा महिने मशीनवर १ टक्का चढ लावून पळा, मग बाहेरचं बघा.

मी आठ वर्षं रस्त्यावर पळते. त्याआधी दीड वर्ष मशीनवरच होते, त्यामुळे मशीनशी माझं भांडण नाही. पण हा मेसेज वाचून आमच्यासोबत येणाऱ्या दोघी गेल्या आठवड्यापासून घरी बसल्या, म्हणून लिहायला घेतलं. मेसेजात सांगितलेले त्रास होतच नाहीत असं नाही. होतात. पण त्याचं खापर रस्त्यावर फोडलंय, आणि दोष बहुतेक वेळा असतो वेगाचा, नाहीतर वेळेचा.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथंच फसतात. पट्टा सरकतो म्हणजे मेहनत तोच करतो, असं वाटणं साहजिक आहे. पण एकसारख्या वेगानं चाललेल्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही इंजिनाच्या दिशेनं चालत गेलात, तर पायांना वेगळं काही करावं लागत नाही. फलाटावर चालता तसंच चालता. पट्ट्याचंही तेच आहे. वेग स्थिर असला की अंग उचलायचं, पुढं टाकायचं आणि झेलायचं हे काम तुमच्या पायांनाच करावं लागतं. फरक उरतो तो हवेचा. मशीनवर तुम्ही जागेवरच असता, म्हणून समोरून हवा अडवत नाही. १ टक्का चढाचा सल्ला तिथूनच आला. १९९६ साली जोन्स आणि डाउस्ट या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं की ताशी साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटर या वेगात पळताना मशीनला १ टक्का चढ दिला, की बाहेरच्या सपाट रस्त्याइतकी शक्ती खर्च होते. हे वेग तयारीच्या धावपटूंचे. आपण नवशिकी माणसं ताशी सात-आठनं पळतो. त्या वेगाला हवेचा अडथळा इतका किरकोळ असतो की त्यासाठी चढ लावायची गरज नाही, आणि सहा महिने थांबायची तर नाहीच नाही.

मग मशीनवर अर्धा तास पळणारं माणूस बाहेर पाच मिनिटांत का थकतं? याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गल्लीत एक वहिनी आहेत. जिममध्ये ताशी ७ वर मशीन ठेवून तीस मिनिटं न थांबता पळायच्या. पहिल्यांदा त्या माझ्यासोबत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आल्या, आणि पाचशे मीटरही झाले नसतील, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“ताई, मशीनवर अर्धा तास थांबत नाही मी. इथं त्या झाडापर्यंत बी आले नाही अन् जीव गेला. ते मेसेजवाले खरंच म्हणतात.”

मी त्यांचा मोबाइल बघितला. अॅपवर वेग दिसत होता, किलोमीटरला सव्वासहा मिनिटं. ताशी ७ म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटांहून थोडं जास्त. म्हणजे वहिनी ताशी साडेनऊच्या वर पळत होत्या आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मशीनवर वेग बटणानं ठरतो. पायांना तो धरून ठेवायची सवयच लागत नाही. शिवाय बंद खोलीत समोरची भिंत हलत नाही, त्यामुळे ताशी ७ सुद्धा जोरात वाटतो. बाहेर झाडं मागं पडतात, गार वारा लागतो, माणूस हुरूपानं पळत सुटतं.

मोबाइल मी पर्समध्ये ठेवायला लावला. म्हटलं, “काल भाजी काय केली ते सांगत पळा. वाक्य मधे तुटलं की चालायचं.” दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, असं करत त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं केली. शेपूच्या भाजीपासून सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं ऐकलं. चौथ्या आठवड्यात त्या मधे न थांबता वीस मिनिटं पळाल्या. फुप्फुसं तयारच होती, मशीननं तयार केलेली. सराव शून्य असता तर चार आठवड्यांत हे झालं नसतं.

बाहेर खरोखर वेगळं असतं ते पायाखाली. पट्टा सपाट आणि एकसारखा असतो, रस्ता नसतो. खडी, गतिरोधक, कडेला गेलेला उतार, वळण. घोटा, पोटरी आणि नडगी यांना ते नव्यानं शिकावं लागतं. उताराचं तर विचारूच नका. बहुतेक मशीन फक्त चढ देतात. मी पहिल्या महिन्यात उड्डाणपुलावरून उतरताना मोकळी सुटले होते. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरायला कठडा धरावा लागला. म्हणून माझा सल्ला असा, की आठवड्यात तीन दिवस पळत असाल तर पहिले दोन आठवडे एकच दिवस बाहेर, तोही पंधरा-वीस मिनिटं. मग दोन दिवस. दम भरपूर असतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या) दमापेक्षा सावकाश तयार होतात.

आता गुडघे. झिजते ती वाटी नव्हे, हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के आढळली, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. म्हणजे फार मोठं अंतर, फार जोरानं, वर्षानुवर्षं पळणाऱ्यांना धोका आहे. हे लपवायचं कारण नाही. पण आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर करणाऱ्या माणसाची जागा पहिल्या आकड्यात आहे आणि मेसेज वाचून सोफ्यावर बसलेल्याची दुसऱ्या. रस्त्याच्या कडकपणाचं म्हणाल, तर जमीन कडक लागली की पाय आपोआप जास्त लवतो, मऊ लागली की ताठ होतो. शरीर हे काही पावलांतच जुळवून घेतं. ज्यांचा गुडघा आधीच सुजतो किंवा अडकतो त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, मशीनवर पळण्याआधीही.

आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला पहाटे पाचला बाहेर पडा, पोलीस भरतीची पोरं-पोरी रस्त्यावर दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. ट्रेडमिल यातल्या किती जणांनी पाहिलं असेल? त्यांच्यातही नडगी धरून बसलेली पोरं असतात, मी अनेकदा पाहिलीत. विचारलं तर कहाणी एकच निघते: जाहिरात आली आणि महिन्याभरात सगळं करायला घेतलं.

तिसरा मुद्दा उन्हाचा, आणि तो मी हलका घेणार नाही. विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा आकडा रोज पेपरात येतो. एप्रिल-मे मध्ये तो ४२-४३ दाखवतो तेव्हा दुपारी पळणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्या कातडीचं तापमान असतं ३५च्या आसपास. हवा त्याहून तापली की ती अंगातली उष्णता घेत नाही, उलट अंगाला देते. मग घाम वाळण्यावरच सगळी भिस्त. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, घाम लगेच वाळतो, त्यामुळे ‘मला तर घामच आला नाही’ असं वाटतं आणि पाणी मात्र भराभर जात असतं. कुडत्यावर पांढरे डाग दिसले की समजायचं मीठही गेलंय.

पण हा मुद्दा दुपारचा आहे, मराठवाड्याचा नाही. मे महिन्यात आपल्याकडं पावणेसहा-सहाच्या दरम्यान सूर्य उगवतो. सव्वापाचला निघालं तर अर्ध्या तासाचं पळणं ऊन लागायच्या आत होतं. संध्याकाळ मी टाळते, कारण सात वाजताही डांबर दिवसभराचं ऊन परत देत असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला दहा ते चौदा दिवस वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवायचे, तेवढ्यात शरीर उष्णतेला सरावतं. पळताना बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, तर घाम येत असो वा नसो, तिथंच थांबवायचं, सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन करायचा. आणि जिम म्हणजे सुरक्षित, हेही तपासून बघा. मी ज्या जिममध्ये जायचे तिथं वर पत्रे होते, लाइट गेली की पंखे बंद. रस्त्यावर निदान तुमच्या पळण्याचाच वारा तुम्हाला लागतो. मशीनवर तोही नाही.

‘मराठवाड्याची हवा पळण्याची नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं आणि २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्यासारखं पळायला कुणी सांगत नाही. पण ज्या मातीत तो लहानाचा मोठा झाला, तिला पळण्याच्या नालायक ठरवू नये.

धूळ, कुत्री, वाहनं हे खरंच आहेत. कुत्रं भुंकत आलं तर पळायचं नाही. थांबायचं, तोंड त्याच्याकडं ठेवून सावकाश चालत बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखान्यात. मला जास्त भीती वाटते ती उसाच्या दिवसांत. पहाटेच्या अंधारात जिंतूर रोडला ट्रॉल्या येतात, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. म्हणून हमरस्ता नकोच. विद्यापीठाचा परिसर, शाळेचं मैदान, गावात असाल तर पांदण. रस्त्यावर पळावंच लागलं तर उजव्या कडेनं, म्हणजे येणारं वाहन समोर दिसतं. बायकांनी एकटीनं अंधारात निघू नये, हे मला लिहायला आवडत नाही, पण आम्ही तिघी-चौघी मिळूनच जातो.

राहिलं हृदय. पायाखाली पट्टा आहे की डांबर, हे हृदयाला कळत नाही. त्याला किती ओझं पडलं तेवढंच कळतं. दवाखान्यातली टीएमटी, म्हणजे हृदयावर ताण देऊन त्याचा आलेख बघायची तपासणी, ट्रेडमिलवरच होते. नेहमीच्या पद्धतीत चालण्याच्या वेगानं सुरुवात करून दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, म्हणजे हृदयावर ताण आणायला मशीन पुरेसं आहे. चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, मशीनवरही आणि बाहेरही. छातीत दाब वाटला तर कुठंही असा, थांबा.

वहिनींची जिमची फी मार्चमध्ये संपली. आता आठवड्यातले तीन दिवस त्या बाहेरच पळतात. जुलैत पाऊस लागला की विद्यापीठाच्या आतल्या कच्च्या वाटांवर काळी माती बुटाला किलोभर चिकटते, पाऊल उचलत नाही. तेव्हा दोन महिन्यांची फी भरून पुन्हा मशीनवर जाणार आहेत, ताशी ७ वर, चढ न लावता.