गंधहीन, चवहीन वगैरे

पाणी हा रंगहीन, गंधहीन व चवहीन द्रव आहे, हे वाक्य शाळेत मी इतक्या वेळा लिहिलंय की ते डोक्यापेक्षा हाताला जास्त पाठ आहे. त्यातलं एखादं 'हीन' राहिलं तरी अर्धा गुण जायचा. ज्यांनी ते वाक्य पुस्तकात घातलं त्यांनी एकदा माझ्या घरी येऊन दात घासावेत, अशी नम्र विनंती आहे.

त्या सकाळी चूळ भरायला पाणी तोंडात घेतलं आणि वाटलं, आपण कुंडी चाटतोय. आधी ओली माती, मग बंद तळघर आणि शेवटी शेवटी नीट न वाळलेली चादर. चूळ टाकली, पुन्हा भरली. पुन्हा कुंडी.

"पाण्याला वास येतोय," मी जाहीर केलं.

बायकोने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ घेऊन म्हणाली, "नाही बाई." लेक म्हणाली, "येतोय, पण मस्त आहे. पावसाच्या पहिल्या सरीसारखा." आई म्हणाली, "तुला सर्दी झाली असेल." सर्दी झाल्यावर वास येत नाही, हे तिला समजवायला गेलो तर म्हणाली, "तेच म्हणतेय मी. तुझं काहीच सरळ नसतं."

मग मी पाण्याची बाटली भरून तपासणीला दिली. अहवाल आला. सगळ्या रकान्यांत 'मर्यादेत' आणि वासाच्या रकान्यात 'आक्षेपार्ह नाही'. म्हणजे जगात आक्षेप एकट्या माझाच. आईने तो अहवाल फ्रिजच्या दारावर लावला.

वाचायला बसलो तेव्हा कळलं की लेकीचंच बरोबर होतं. या वासाच्या रेणूला जिऑस्मिन म्हणतात. १९६५ साली ठेवलेल्या या ग्रीक नावाचा अर्थच 'मातीचा वास'. मातीतले काही सूक्ष्मजीव आणि साठवलेल्या पाण्यात वाढणारी नीलहरित शैवालं ते तयार करतात. पहिल्या सरीनंतर येतो तो वासही बराचसा याचाच. बाहेर दरवळला तर माणसाला कविता सुचते, पेल्यात दरवळला तर प्लंबर सुचतो. प्रकृतीला त्याचा अपाय नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत कोणी तो शोधतही नाही. पण माणसाचं नाक याबाबतीत विलक्षण आहे. लिटरमागे ५ ते १० नॅनोग्रॅम असलं तरी अनेकांना तो कळतो. पन्नास मीटर लांबीच्या मोठ्या जलतरण तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात हा ऐवज जेमतेम १२ मिलिग्रॅम टाकला की पुरे. घराची किल्ली कुठे ठेवली ते मला आठवत नाही, पण तलावातले १२ मिलिग्रॅम मी हुडकून काढू शकतो. हे मी आईला सांगितलं. तिने किल्ली कुठे आहे ते विचारलं.

शेजारच्या काकांना मात्र दया आली. ते म्हणाले, "रात्रभर भांडं उघडं ठेव, वास उडून जातो." काकांचा तोडगा खोटा नाही, पण तो क्लोरीनचा. क्लोरीन उडून गेला आणि पाणी आणखीच मातकट लागायला लागलं. क्लोरीन हा मोठमोठ्याने बोलणारा पाहुणा होता. तो उठून गेल्यावर कोपऱ्यात बसलेल्याची कुरकुर ऐकू यायला लागली. उकळून पाहिलं, तर वाफेबरोबर तळघर स्वयंपाकघरभर पसरलं. शेवटी पाणी फ्रिजमध्ये ठेवलं. गार झाल्यावर बरंच सुसह्य झालं. वास गेला नव्हता, गारठून गप्प बसला होता. पेला दहा मिनिटं बाहेर राहिला की पुन्हा तोंड उघडायचा.

सगळ्यात जास्त हाल झाले ते वासाचं वर्णन करताना. पाण्याची चव घेणं हा ज्यांचा पेशा आहे त्यांच्याकडे म्हणे वासांचं एक चक्रच असतं. मातकट, दलदलीचा, गवताचा, मासळीचा, औषधी, क्लोरीनचा, असे कप्पे पाडलेले. आमच्या घरात एकच कप्पा, 'कसंतरीच'. बायको विचारायची, "कसंतरीच म्हणजे कसं?" आणि मी म्हणायचो, "म्हणजे कसंतरीच." या संभाषणावर आमच्या संसाराची काही वर्षं खर्ची पडली असावीत.

शेवटी कार्बनचा फिल्टर बसवला. सक्रिय कार्बनच्या बारीक छिद्रांत जिऑस्मिन अडकतं, आणि जाता जाता क्लोरीनही जातो. पहिला पेला प्यायलो आणि मला शाळेतलं ते वाक्य आठवलं. पूर्ण गुण.

हे सुख पंधरा दिवस टिकलं. मग न्हाणीघरातून सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. मातीचा वास निदान निर्दोष असतो, कोणावर संशय येत नाही. या वासाचं तसं नाही. जो आंघोळ करून बाहेर येई त्याच्याकडे बाकीचे काही न बोलता बघत. तीन दिवस घरात विचित्र शांतता होती. लेकीनेच शोध लावला की गार पाण्याला वास नाही, फक्त गरम पाण्याला आहे. तेव्हा कुठे सगळ्यांची अब्रू वाचली.

प्लंबरने गीझर उघडला. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजत राहते. (आईने इथे माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.) पण पाण्यात सल्फेट असलं आणि ते खाणारे जंतू असले की याच कांडीच्या आधाराने ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, आणि तीच ती सडकी अंडी. पाणी कोमट असेल तर जंतूंची चंगळ.

"गीझर इतका कमी कोणी ठेवलाय?" प्लंबरने विचारलं. "तुमच्या आधी जंतूच आंघोळ करतायत."

वीज वाचवायला तो मीच कमी केला होता. प्लंबरने तापमान वाढवून टाकी धुऊन काढली, अॅल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवली आणि जाताना म्हणाला, "आता नळाखाली हात घालताना जपून." पहिला हात अर्थात माझाच भाजला.

त्यानंतर बायकोलाही वास यायला लागला, स्वयंपाकघरातल्या नळाशी. इतक्या दिवसांनी साथीदार मिळाल्याच्या आनंदात मी फिल्टर सोडवायला घेतला. लेक म्हणाली, "बाबा, पेला घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि मग वास घे." गेलो. वास काही माझ्याबरोबर आला नाही. तो सिंकच्या मोरीत साचलेल्या गाळाचा होता आणि नळ सोडला की वर यायचा. मोरी घासली. फिल्टर परत जोडायला मात्र संध्याकाळ झाली, आणि एक वायसर शेवटपर्यंत उरला.

रात्री जेवताना मी, आपलं नाक म्हणजे प्रयोगशाळाच, असं काहीतरी बोलत होतो. लेकीने मान वर न करता १८५४ सालच्या लंडनची गोष्ट सांगितली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याने कॉलरा पसरला होता, पण डॉक्टर जॉन स्नो यांना एक मृत्यू कोड्यात टाकत होता. ती विधवा बाई दूर हॅम्पस्टेडला राहायची, कित्येक महिन्यांत या बाजूला फिरकलीही नव्हती. मग कळलं की तिला या पंपाच्याच पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज एक मोठी बाटली भरून गाडीतून तिच्याकडे जायची.

"म्हणजे चांगलं लागतं ते चांगलं असतंच असं नाही," लेक म्हणाली. "तुझ्या नाकाला सांग."

मी गप्प बसलो. आईने मात्र गोष्ट फार मन लावून ऐकली आणि विचारलं, "इतकं छान होतं का ते पाणी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे खुडबूड ऐकून उठलो. आई अंगणातल्या नळावर, फिल्टर नसलेल्या, आपला तांब्या भरत होती.

"तुझ्या त्या फिल्टरच्या पाण्याला काही चवच नाही," ती म्हणाली. "प्यायलो की नाही तेच कळत नाही. घे, जरा घोटभर."

मी तांब्या नाकाशी नेला. कुंडी होतीच.