बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणजे एक विषय माफ नव्हे

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय. या खेपेला तो सहामाहीत गणितात आपटलेल्या एका मुलाच्या आईपर्यंत पोचला आणि तिने गणिताची शिकवणी बंद करायचं ठरवलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज थोडक्यात असा: नव्या शैक्षणिक धोरणाने दहावीचं बोर्ड रद्द झालं. गणित-विज्ञानात 20 गुणांना पास करतात. टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने काढतात, त्यामुळे एक विषय राहिला तरी चालतो. नावडता विषय सोडा आणि पाचांवर भर द्या. एवढं करूनही राहिलात तर वर्ष गेलंच. आणि 17 नंबरच्या फॉर्मवरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दिलेल्या दहावीचा, दाखला नोकरीत चालत नाही. खाली अर्थातच "जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा".

म्हणजे बोर्डच रद्द झालं, पण त्याच बोर्डात 20 ला पासही करतात! असो.

बोर्ड रद्द झाल्याची थाप 2020 पासून चालू आहे. धोरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 29 जुलै 2020 ला, आणि या विषयावर त्याचा परिच्छेद 4.37 वाचला तरी पुरे. दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षा चालू राहतील, असं तिथे स्वच्छ लिहिलंय; क्लासेसची गरज उरू नये म्हणून त्या परीक्षा सुधारायच्या आहेत, एवढंच. केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, पीआयबीनेही, हा मेसेज खोटा ठरवला होता. जुन्या मेसेजमध्ये एमफिल बंद होणार असंही होतं आणि ते मात्र खरं निघालं. त्या एका खऱ्या ओळीच्या जिवावर बाकीचं सगळं खपलं.

20 गुणांचं प्रकरण अर्धवट खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात ती तरतूद आली होती: गणित किंवा विज्ञानात 20 ते 34 गुण असलेल्याला अकरावीला जाऊ द्यायचं, पण पुढे गणित-विज्ञानाचे अभ्यासक्रम घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. ते लगेच लागू होणार नाही, असा खुलासा तेव्हाच झाला. मेसेजमधून नेमका शेराच गळलाय. आणि ज्यांच्या कानावर "33 ला पास" असं पडलंय, तो सीबीएसईचा आकडा आहे. आपल्या बोर्डात 35.

आता बेस्ट ऑफ फाइव्ह. सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं.

दहावीला सहा विषय, प्रत्येकी 100 गुण. टक्केवारी काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात, 500 पैकी. पण ते फक्त टक्केवारीपुरतं, आणि टक्केवारी निघते उत्तीर्ण झाल्यावर. उत्तीर्ण व्हायला सहाही विषय सुटावे लागतात. त्यात थोडी मोकळीक गटामुळे मिळते. तीन भाषा मिळून 105 गुण हवेत आणि कुठल्याही भाषेत 25 च्या खाली जायचं नाही. गणित आणि विज्ञान मिळून 70 हवेत, तिथेही प्रत्येकी किमान 25. सामाजिक शास्त्रांना जोडीदार नाही, तिथे सरळ 35. म्हणजे विज्ञानात 45 आणि गणितात 26 असतील तर मूल पास आहे. मोकळीक आहे ती इतकीच.

मेसेजचा सल्ला मानलेल्या मुलाचा हिशेब मांडून बघा. मराठी 71, हिंदी 66, इंग्रजी 58, सामाजिक शास्त्रे 69, विज्ञान 62 आणि सोडून दिलेलं गणित 12. पाच विषयांची बेरीज 326, म्हणजे 65.20 टक्के. मेसेजवाल्याच्या मते मुलगा फर्स्ट क्लास. बोर्डाच्या हिशेबात गणित-विज्ञानाचे 74 झाले, गट ओलांडला; पण गणित 25 च्या खाली, म्हणून अनुत्तीर्ण, आणि 65.20 हा आकडा कुठेच छापून येत नाही. त्याच मुलाने गणितात 25 काढले असते, तर गणित बेस्ट ऑफ फाइव्हमधून बाहेर पडलं असतं आणि टक्केवारी 65.20 च राहिली असती. या नियमाचा खरा फायदा हा आहे: कच्चा विषय टक्केवारी ओढत नाही. पण तो सुटला पाहिजे. सवलतीचे गुण मिळतात, ते काठावरच्यांना. 12 ला कुणी उचलून 25 वर नेत नाही.

सीबीएसईत सहावा कौशल्य विषय घेतलेल्याला गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रात राहिल्यावर तो बदली धरता येतो. बहुधा तिथलं वारं इकडे लागलंय.

आणि 25 गुण म्हणजे काही डोंगर नव्हे. गणितात 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, ते शाळेत मिळतात. गृहपाठाची वही वेळेवर दिली नाही, चाचणीला दांडी मारली, की तिथेच मार बसतो. उरलेले 80 म्हणजे बीजगणित 40 आणि भूमिती 40, दोन-दोन तासांचे दोन पेपर. दोन्हींत पहिला प्रश्न 8 गुणांचा: चार बहुपर्यायी, चार एकेका गुणाचे. बहुपर्यायीत उपप्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर लिहायचं. पहिलाच प्रयत्न तपासतात, त्यामुळे खोडून पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. पुढे "कृती पूर्ण करा" असे प्रश्न येतात. त्यात उदाहरण जवळजवळ सोडवलेलं असतं, रिकाम्या चौकटी भरायच्या. कच्ची मुलं नेमक्या याच वगळतात, कारण त्यांना वाटतं अख्खं उदाहरण आल्याशिवाय चौकट भरता येणार नाही. येते. वरची ओळ वाचून खालची भरता येते. बीजगणितात अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी, भूमितीत भौमितिक रचना आणि पायथागोरस, एवढं पक्कं केलं तरी पाया होतो. रचनेत कच्ची आकृती काढायचा कंटाळा करू नका आणि कंसाच्या खुणा पुसू नका.

गणित सोडल्याचा फटका निकालावर थांबत नाही. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावी उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं तर दहावी उत्तीर्ण हवी, तीही गणित-विज्ञान घेऊन. वायरमन आठवीवर होता येतं, पण ती वाट जाणूनबुजून निवडलेली बरी.

"राहिलात तर वर्ष गेलं" हे तर उघड खोटं. 2015 पासून मार्चमध्ये राहिलेल्यांची पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होते. 2025 ला ती 24 जूनलाच सुरू झाली. सुटलेले विषय सुटलेलेच राहतात, राहिलेल्यांचाच पेपर. फॉर्म शाळेमार्फत ऑनलाइन भरायचा आणि खिडकी निकालानंतर फार दिवस उघडी नसते. मुदत चुकली तर विलंब शुल्क, तीही मुदत गेली तर मग खरंच पुढचा मार्च. घरात आठवडाभर सुतक पाळून शाळेत उशिरा जाणारे पालक इथे अडकतात. गुणपत्रिका हातात आली की त्याच दिवशी आधीचा बैठक क्रमांक घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.

एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची सोय, फक्त कॉलेजात असते म्हणे! दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर अकरावीला एटीकेटीने प्रवेश मिळतो. नंबर नियमित फेऱ्यांनंतर लागतो, त्यामुळे हवं ते कॉलेज मिळेलच असं नाही, आणि बारावीत जाण्याआधी ते विषय सोडवावेच लागतात. तीन विषय राहिले तर मात्र ही सोय नाही. मेसेज मानून गणित सोडलं आणि ऐन वेळी आणखी दोन पेपर बिघडले, तर मूल इथूनही बाहेर.

राहिला 17 नंबरचा फॉर्म. बोर्ड तेच, प्रश्नपत्रिका तीच, प्रमाणपत्रही त्याच मंडळाचं. न चालायला काय झालं? शाळा सुटलेल्यांसाठीच ती सोय आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो लागतो. दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. न चालणारे दाखले वेगळे: "परीक्षा न देता महिन्यात दहावी" अशी जाहिरात करणाऱ्यांचे. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

त्या आईला एवढंच कळवलंय: शिकवणी चालू ठेवा, आणि सरांना आधी चौकटींच्या कृती घ्यायला सांगा.