पोस्टरवर सुरकुत्या नकोतच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सदाशिवपेठकर,

नोकरीतल्या वयभेदाविरुद्धचं पोस्टर कसं करावं, या आमच्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही लांबणार. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे : वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या पोस्टरवर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा नको, हे आमचं म्हणणं कोरडं आहे, लोक हलतात ते थरथरत्या हातांनी. दुसरं, वयोमर्यादा एमपीएससीलाही आहे, मग तीही भेदभावच का? आणि तिसरं, फाँट, कागद आणि चिकटवण्यावर निम्मा लेख खर्ची घालून काय साधलं, चौकात एक मोठा फ्लेक्स लावला की काम झालं. शेवटी पोस्टरसाठी तीन घोषणाही सुचवल्यात.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. काठीवर टेकलेला हात किंवा पाठमोरी आजी बघून माणूस हळहळतो आणि पुढे जातो. ज्याने अर्ज बाजूला टाकला तो त्या चित्रात कुठेच नसतो. शिवाय नोकरीत वयाचा फटका साठीनंतर बसत नाही, तो चाळिशीतच बसायला लागतो. अमेरिकेत १९६७ साली नोकरीतल्या वयभेदाविरुद्ध कायदा झाला, त्याचं संरक्षणही चाळिशीपासूनच सुरू होतं. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत पंचेचाळिसाव्या वर्षी काम न देता बाकावर बसवलेल्या माणसाला तो सुरकुतलेला हात आपला वाटत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही आपण याच्याशी असं वागलो हे त्यातून उमगत नाही. उलट ‘वय झालं म्हणजे असं दिसतं’ हेच चित्र पक्कं होतं. ब्रिटनमधल्या रस्त्यांवर वाकलेल्या जोडप्याची, काठीवाली पाटी आहे. हेतू चांगला, गाड्या हळू चालवा एवढाच, पण म्हातारपण म्हणजे वाकलेली पाठ का, असा आक्षेप तिथल्या ज्येष्ठांच्या बाजूनेच घेतला गेला.

म्हणून आमचा आग्रह असा : पोस्टरवर नाकारलेला माणूस दाखवू नका, नाकारणारी अट दाखवा. अट आकड्यांत मांडली की ती तुम्ही म्हणता तशी कोरडी होईलच असं नाही. हा नमुना बघा. वर छोट्या जाहिरातीसारखी चौकट, ‘पाहिजेत : अकाउंटंट. अनुभव १० वर्षे. वय ३०च्या आत.’ खाली शाळेच्या वहीतल्यासारखी उभी मांडणी :

बी.कॉम. झाला तेव्हा वय २१
अनुभव + १०
बेरीज ३१

बस्स. ‘अन्याय’ हा शब्द नाही, उद्गारचिन्ह नाही. वाचणारा बेरीज स्वतः करतो, आणि स्वतः केलेल्या बेरजेशी कोणी वाद घालत नाही. इथे पुणेरी पाटीचा मोह होतो, तुमच्या प्रतिक्रियेतल्या तिन्ही घोषणा त्याच वळणाच्या आहेत. त्या वाचून हसू आलं हे कबूल. पण टोमणा वाचून लोक लिहिणाऱ्याला दाद देतात, आणि अट राहते बाजूला.

जाहिरातीचा मजकूर खऱ्या नमुन्यासारखा ठेवा, पण कंपनीचं नाव आणि फोन नंबर नको. एक तर अब्रुनुकसानीचं शेपूट मागे लागू शकतं, भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५६ आहे. दुसरं म्हणजे एका कंपनीचं नाव आलं की बाकीच्या शंभर जणी सुटतात.

आता एमपीएससी. प्रश्न रास्त आहे. खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ ही मर्यादा शासनाने ठरवलेली, जाहिरातीत छापलेली आणि शासनालाच बदलता येणारी आहे. २०१६मध्ये ती वाढवलीही. ती योग्य की अयोग्य यावर वेगळी मोहीम होऊ शकते, आणि ती काढायला तुमच्या पेठेइतकी चांगली जागा नाही. पण एकाच पोस्टरवर ती आणि खासगी जाहिरातीतली अट आणली की उत्तर द्यायला सोपी बाजू समोरच्याच्या हाती जाते : ‘सरकारच करतं, मग आम्ही केलं तर काय?’

याच ओघात एक सावधगिरी. ‘वयावरून नाकारणं हा गुन्हा आहे’ असं छापू नका. राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये भेदभावाची जी कारणं नावानिशी दिली आहेत, त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहेत, वय नाही. खासगी नोकरभरतीत वय विचारू नये असा सरसकट कायदाही आपल्याकडे नाही. नेमकं हेच पोस्टरवर आणता येतं : ‘कायद्याने अडवलेलं नाही, म्हणून चालू आहे.’ चुकीचा कायदा छापलेलं पोस्टर पहिल्या दिवशी कोणीतरी वकील फोटो काढून फिरवतो आणि मोहीम खुलासे करण्यात संपते. आरोग्य विम्याचंही तसंच. ‘६५ नंतर विमा नाही’ हे वाक्य अजून फिरतंय, पण विमा नियामकाने ती वयाची अट १ एप्रिल २०२४ पासून काढून टाकली. आता बोलायचं असेल तर हप्त्याच्या रकमेवर बोला. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही नोकरीच्या पोस्टरवर टाकू नका, ती साठीपुढच्यांसाठी आहे. तिथे पंचेचाळिशीतल्या माणसाने फोन करून काय सांगायचं?

आता तुम्हाला जे फुकटचं वाटलं ते, म्हणजे फाँट आणि कागद. इथेच पोस्टरं मरतात.

देवनागरी अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्या कंगव्यासारखा दिसतो. जागा हवीच असेल तर शब्दांमध्ये वाढवा. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या सवयीने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उलट बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. भाषा मराठी निवडली की चांगल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे येतात. मुक्त, बालू असे फाँट फुकट मिळतात आणि लांबून वाचता येतात.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे मजकुराचं आकारांत रूपांतर करून) पीडीएफ द्या. नुसता युनिकोड मजकूर दिला तर बऱ्याच ठिकाणी तो त्यांच्या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप होतो आणि नव्या चुका घेऊन येतो. कर्व्ह केल्यानंतरचं प्रूफ, मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. काळ्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर फाँटचा जाड प्रकार घ्या. बारीक अक्षरात शाई पसरून अनुस्वार बुजतात. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई) सोडा.

ए-३ आकार १२ बाय १८ इंचांच्या डिजिटल शीटवर ब्लीडसकट बसतो. शे-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटलच परवडतं. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट आणि मशीन जुळेपर्यंत वाया जाणारा कागद आला, त्यामुळे तिकडे वळायचं ते पाचशेच्या पुढे, आणि काळा अधिक एक रंग एवढ्यावर भागवा. अक्षराची उंची, तीन मीटरवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून खाली निदान अडीच सेंटिमीटर. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे काळ्यावर गडद निळं किंवा जांभळं अक्षर ज्येष्ठांना दिसतच नाही. ग्लॉसी लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, मॅट घ्या.

चौकातल्या फ्लेक्सबद्दल. महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी नसेल तर तो बेकायदा, आणि भिंती, खांब, विजेच्या डीपीच्या पेट्या यांवर चिकटवलं तर १९९५चा मालमत्ता विरूपण कायदा आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सना कंटाळलेल्या या शहरात आपणही तेच केलं तर लोकांची सहानुभूती आधी जाईल. त्यापेक्षा अट जिथे लिहिली जाते आणि जिथे वाचली जाते तिथे जा : नोकरी देणाऱ्या एजन्सीच्या इमारतीतला फलक, झेरॉक्सची दुकानं (बायोडेटा तिथेच छापतात), वाचनालयं, खानावळी, सोसायट्यांचे नोटीस बोर्ड. मालकाला किंवा सेक्रेटरींना विचारून लावलेलं पोस्टर टिकतं, न विचारता लावलेलं संध्याकाळी कचऱ्यात.

काचेवर सेलोटेप नको, उन्हात गोंद वितळून डाग राहतो आणि दुकानदार पुन्हा उभं करत नाही. परवानगीच्या भिंतीवर खळ लावायची तर एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, शिजवून गार करा, बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, भांडं स्वयंपाकाचं नको. कागद आर्ट पेपर (गुळगुळीत, चकचकीत) नको, खळ शोषत नाही आणि कडा उलटतात. ८०-९० जीएसएमचा (कागदाच्या जाडीचं माप) साधा, न चकाकणारा मॅपलिथो घ्या, खळ पाठीला लावून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग चिकटवा. ओला कागद पसरतो. तो भिंतीवर पसरला तर फुगे येतात, आधीच पसरू दिला तर येत नाहीत. पावसाळ्यात बाहेर इंकजेट प्रिंट लावू नका, शाई ओघळते.

क्यूआर कोड टाकायचा तर एक मीटरवरून स्कॅन व्हायला बाजू दहा सेंटिमीटर लागते. ए-३वर तेवढी जागा गेली की बेरजेला उरत नाही. त्यापेक्षा फोन नंबर छापा, आणि तो उचलणारा माणूस आधी ठरवा. कोपऱ्यात काढून टाकण्याची तारीखही छापा, दुकानदार लवकर हो म्हणतात.

तुमच्या तीन घोषणांपैकी दुसरी, ‘अनुभव हवा, अनुभवी नको’, टोमणा असूनही वापरण्याजोगी आहे, कारण तिच्यात अटच बोलते. बेरजेच्या पोस्टरखाली ती छापू का, ते इथेच कळवा.